डेल्फ्टचा कापडवाला आणि खिडकीतली बरणी

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना मी पॅरामिशियमची एक आकृती काढली होती. सपातेसारखा आकार, कडेने बारीक केसांची झालर, आत एक मोठे आणि एक लहान केंद्रक, सगळे कसे एच.बी. पेन्सिलीने रेखीव. जर्नलमध्ये तिला दहापैकी नऊ गुण मिळाले. एक गुण कशासाठी गेला ते कळले नाही. पण खरी गोष्ट अशी की, पॅरामिशियम मी पाहिलेच नव्हते. पाहिले असते तर आकृती इतकी रेखीव आली नसती आणि गुणही कमी पडले असते. त्या महाविद्यालयात (नाव कशाला घ्या!) सूक्ष्मदर्शक होते; पण ते कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. आकृत्या पुस्तकातून उतरवायच्या असा रिवाज होता. मी तो पाळला, आणि पुढे स्वतः शिकवू लागल्यावर, सांगायला लाज वाटते, काही वर्षे तो चालवलाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातला एक विद्यार्थी प्रयोगशाळेत काचेची बरणी घेऊन आला. दुकानात बिस्किटे ठेवतात तसली, रुंद तोंडाची. तळाला बोटभर चिखल, वर गढूळसर पाणी, दोन-तीन काड्या हायड्रिलाच्या आणि पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी हिरवी पाने. मुलगा वडगावचा, विणकराच्या घरातला, शाळा कन्नड माध्यमातून झालेली. घरी कापडातले धागे मोजायचे जे छोटे भिंग असते त्यातून त्याने बरणीत पाहिले होते आणि त्याला पाण्यात झटके देत उडणारे ठिपके दिसले होते. ते काय, हे त्याला विचारायचे होते. त्याने आधी इंग्रजीत सुरुवात केली, दुसऱ्या वाक्याला अडला. मग बेळगावी पद्धतीने अर्धे कन्नड अर्धे मराठी असे करून सांगू लागला. मला पुढचा तास होता. मी त्याला म्हणालो की, हे आपल्या अभ्यासक्रमात नाही, बरणी तिथे ठेव आणि वर्गात जा.

त्याने बरणी ठेवली. चार दिवस ती तशीच टेबलावर होती. पाचव्या दिवशी शिपाई ती ओतून द्यायला निघाला, तेव्हा काय वाटले कोण जाणे, मी ती घरी आणली आणि उत्तरेच्या खिडकीत ठेवली.

त्याच सुमारास माझ्या हाती एक जुने चरित्र आले होते, आंतोनी व्हान लेव्हेनहूक याचे. सूक्ष्मजीवांचा शोध लावणारा म्हणून त्याचे नाव आपण सगळेच पाठ करतो, आणि तेवढ्यावरच सोडून देतो. मी ते चरित्र रात्री वाचत असे आणि सकाळी बरणी पाहत असे. पुढे जे लिहिले आहे ते या दोन उद्योगांतून आले आहे.

लेव्हेनहूकचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी झाला. गाव कालव्यांचे, बिअर गाळणाऱ्यांचे आणि निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या भांड्यांचे. त्याच्या आगेमागे चार दिवसांच्या अंतराने त्याच गावात आणखी एका मुलाचा बाप्तिस्मा झाला; तो पुढे चित्रकार व्हर्मीर म्हणून जगाला माहीत झाला. लेव्हेनहूकचे वडील टोपल्या विणत. घर सिंहद्वार नावाच्या वेशीच्या कोपऱ्यावर, म्हणून आडनावाचा अर्थही तोच, सिंहकोपऱ्यावरचा. आपल्याकडे वेशीजवळच्या घराला वेशीवरचे म्हणतात, तसेच. मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना वडील वारले. आईने पुढे एका चित्रकाराशी लग्न केले आणि मुलाला बाहेरगावी शाळेत पाठवले. सोळाव्या वर्षी तो अ‍ॅमस्टरडॅमला एका स्कॉटिश कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. विद्यापीठ त्याने पाहिले नाही. लॅटिन तो शिकला नाही, आणि त्या काळी लॅटिन न येणारा माणूस विद्वानांच्या हिशेबी धरला जात नसे.

१६५४ साली तो डेल्फ्टला परतला, बार्बरा द मे हिच्याशी त्याचे लग्न झाले, घर घेतले, खाली कापडाचे आणि बटणे-फितींचे दुकान मांडले. पाच मुले झाली. चार तान्ही असतानाच गेली. मारिया तेवढी राहिली. १६६६ मध्ये बार्बराही वारली. ज्या माणसाला पुढे अदृश्य जीवांचा सगळा बाजार दिसणार होता, त्याच्या घरातून ही माणसे कशाने गेली ते त्याला कधी कळले नाही. जंतू आणि रोग यांचा संबंध त्याने जोडला नाही. तो जोडायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

दुकानाशिवाय त्याला नगरपालिकेची नोकरी होती. अधिकाऱ्यांच्या बैठकीच्या दालनाची राखण: दार उघडायचे, झाडलोट पाहायची, शेगडी पेटवायची. १६६९ मध्ये तो परीक्षा देऊन भूमापक झाला, १६७९ मध्ये मद्याची पिंपे मापणारा अधिकारी. व्हर्मीर कर्जबाजारी होऊन वारला तेव्हा, १६७६ साली, त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहायला नगराने याच माणसाला नेमले. म्हणजे गावात पत होती. पण शास्त्रज्ञ म्हणून कोणी ओळखत नव्हते, आणि वयाची चाळिशी आली होती.

भिंगाची ओळख त्याला दुकानातच झाली असावी. कापडवाले धागे मोजायला भिंग वापरत. १६६८ च्या सुमारास तो लंडनला जाऊन आला. तीन वर्षांपूर्वी, १६६५ मध्ये, रॉबर्ट हूकचे मायक्रोग्राफिया हे मोठ्या चित्रांचे पुस्तक निघून गाजले होते. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच काचेचा तंतू ज्योतीत वितळवून बारीक मणी कसा करावा हे दिलेले आहे. लेव्हेनहूकने जो सूक्ष्मदर्शक केला तो दिसायला अगदी क्षुल्लक. पितळेचे किंवा चांदीचे दोन पातळ पत्रे, आगपेटीहून लहान. त्यांच्यामध्ये एका छिद्रात बसवलेले एकच इवलेसे भिंग. मागे एक अणकुचीदार टोक, त्यावर वस्तू लावायची, आणि ती पुढेमागे सरकवायला स्क्रू. डोळ्याला अगदी चिकटवून उजेडाकडे धरायचे. अशी पाचशेहून अधिक भिंगे त्याने केली. आज जेमतेम डझनभर सूक्ष्मदर्शक उरले आहेत. त्यांतले उत्रेख्त येथले एक सुमारे २७० पट मोठे दाखवते. तेव्हाचे दोन-तीन भिंगांचे डौलदार सूक्ष्मदर्शक यापुढे फिके, कारण त्यांत कडांना रंगांची किनार यायची आणि प्रतिमा धूसर व्हायची.

हे भिंग तो कसे करत असे? त्याने कोणालाही सांगितले नाही. पाहुण्याला साधे सूक्ष्मदर्शक दाखवायचा, उत्तम ते आत ठेवायचा. २०२१ मध्ये डच संशोधकांनी उत्रेख्तच्या सूक्ष्मदर्शकाचे न्यूट्रॉन किरणांनी छायाचित्र घेतले, पत्रे न उघडता. आतले भिंग घासलेले नव्हते. ज्योतीत वितळवलेला मणी निघाला, हूकने छापील पुस्तकात सांगितला होता तसलाच. साडेतीनशे वर्षांचे गुपित निघाले ते हे!

असो. १६७३ मध्ये डेल्फ्टचाच तरुण वैद्य रेनिये द ग्राफ याने लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग याला लेव्हेनहूकबद्दल कळवले. त्याच वर्षी द ग्राफ वारला, वय अवघे बत्तीस. पण पत्रव्यवहार सुरू झाला तो पुढे पन्नास वर्षे चालला. पहिल्या पत्रात बुरशी, मधमाशीची नांगी, ऊ, असे किरकोळ विषय होते.

मग १६७४ साल. आपल्याकडे जूनमध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षीच्या उन्हाळ्याअखेरची ही गोष्ट. डेल्फ्टपासून दोन तासांच्या वाटेवर बेर्केल्स नावाचा तलाव होता. हिवाळ्यात पाणी स्वच्छ, आणि उन्हाळ्यात त्यात पांढुरके, हिरवट ढग तरंगू लागत. आसपासचे लोक म्हणत की, हे दवामुळे होते. हजारो माणसे त्या तलावावरून गेली असतील, हिरवे पाणी पाहिले असेल, दवाचे कारण ऐकून समाधान पावली असतील. लेव्हेनहूकने त्या पाण्याची एक कुपी भरून घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरली. त्याला हिरव्या तंतूंत मळसूत्रासारखी वळलेली पट्टी दिसली. आपण जिला स्पायरोगायरा म्हणतो ती हीच असावी. आणि त्या तंतूंमधून कितीतरी जीव चालले होते: गोल, लांबट, हिरवे, पांढरे, राखी, वर जाणारे, खाली येणारे, गिरक्या घेणारे. चीजच्या सालीवर त्याने पूर्वी जे लहानांत लहान किडे पाहिले होते त्यांच्याहूनही हजारपट लहान.

माझ्या बरणीत मला पहिल्या आठवड्यात काय दिसले? काही नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. महाविद्यालयाच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी मधले स्वच्छ पाणी घेत होतो, आणि मधल्या पाण्यात फारसे कोणी राहत नाही. जीव असतात ते चिखलाच्या वरच्या थरात, पानांच्या मुळांशी, पृष्ठभागावरच्या तेलकट पडद्याखाली आणि काचेला धरलेल्या शेवाळात. ते समजल्यावर ड्रॉपरचे टोक काचेवर घासून थेंब घेतला, आणि पॅरामिशियम आले. जर्नलमध्ये आकृती काढल्यानंतर सदतीस वर्षांनी! ते स्थिर नसतेच. स्वतःभोवती फिरत, आपटले की मागे सरून, दिशा बदलून पुन्हा पुढे जाते. आकृतीतली झालर वेगळी दिसत नाही, कडेला नुसती थरथर दिसते. मी त्या दिवशी घरी जेवायला उशिरा गेलो. घरात डासांच्या अळ्यांवरून आधीच बोलणी बसत होती. शेवटी बरणीच्या तोंडाला मलमलचा तुकडा बांधला तेव्हा तह झाला. पुढे पाणी आटले म्हणून मी नळाचे पाणी थेट ओतले आणि निम्मी वस्ती मेली. क्लोरीनचे पाणी दोन-तीन दिवस उघडे ठेवून मग घालायचे असते, हे मी वर्गात शिकवलेले होते.

लेव्हेनहूकच्या हातून अशी घाई होत नसे. १६७५ मध्ये आतून झिलई दिलेल्या नव्या मातीच्या भांड्यात त्याने पावसाचे पाणी साठवले. चार-पाच दिवसांनी त्यात जीव दिसले. आता प्रश्न असा की, ते आभाळातून आले की मागाहून? त्याने स्वच्छ धुतलेल्या भांड्यात पडता पाऊस धरला, लगेच तपासला, काही नाही. रोज तपासत गेला. काही दिवसांनी आले. एवढाच प्रयोग, पण त्या काळी कितीजण असे ताडून बघत होते? धान्यातून किडे आणि धुळीतून पिसवा आपोआप होतात ही समजूत अगदी विद्वानांचीही होती. लेव्हेनहूकने पिसवांची अंडी, अळी, कोश असा क्रम लावून दाखवला.

त्याचा सर्वांत मोठा शोध मिऱ्यांमुळे लागला. डेल्फ्टमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीची शाखा होती, कोठारे होती; मिरी जावा-सुमात्रेहून आणि आमच्या मलबार किनाऱ्यावरून जहाजांनी यायची. याच कंपनीची एक वखार त्या वेळी वेंगुर्ल्याला होती. तिचे अवशेष बेळगावहून आंबोलीमार्गे सुट्टीला जाणाऱ्यांपैकी काहींनी पाहिले असतील. मिरी जिभेला झोंबते कशाने, हे लेव्हेनहूकला पाहायचे होते. तिच्या कणांना बारीक टोके असतील असा त्याचा तर्क. मिरी नरम व्हावी म्हणून त्याने ती पाण्यात भिजत घातली, पाणी आटले तसे साठवलेले बर्फाचे पाणी घातले. २४ एप्रिल १६७६ रोजी त्याने ते पाणी पाहिले. टोके दिसली नाहीत. दिसले ते आतापर्यंतच्या सगळ्यांहून लहान असे जीव, इतके की वाळूच्या एका कणात किती मावतील याचा तो हिशेब करू लागला. हे जीवाणू होते. माणसाने जीवाणू पाहिल्याची ही पहिली नोंद. तर्क चुकला होता, पण त्याने तर्कासाठी डोळे मिटले नाहीत.

९ ऑक्टोबर १६७६ रोजी त्याने हे सगळे तारीखवार लांबलचक पत्रात लंडनला कळवले. पत्र डच भाषेत. त्याची सगळीच पत्रे डच भाषेत आहेत, आणि तीही पुस्तकी डच नव्हे, डेल्फ्टच्या बाजारात बोलतात तसली. दुसरी भाषा त्याला येतच नव्हती. लॅटिन नाही म्हणून तो गप्प बसला असता तर? ओल्डेनबर्गने पत्राचे इंग्रजी भाषांतर स्वतः केले आणि १६७७ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापले. एका चिटणिसाने दुसऱ्याच्या भाषेची अडचण आपल्या अंगावर घेतली म्हणून ते जगाला कळले. आपल्या या सीमाभागात, जिथे मुलगा एका भाषेत विचार करतो, दुसरीत शिकतो आणि तिसरीत परीक्षा देतो, तिथे मला ओल्डेनबर्ग हा लेव्हेनहूकइतकाच मोठा वाटतो. माझ्याकडे बरणी घेऊन आलेल्या मुलाला मी काय उत्तर दिले होते ते वर लिहिलेच आहे.

लंडनला विश्वास बसला नाही. थेंबात हजारो प्राणी म्हणजे काय? नेहेमाया ग्रू याला पडताळून पाहायला सांगितले, जमले नाही. लेव्हेनहूकने रागवून पत्र लिहिले नाही; गावातली प्रतिष्ठित माणसे, धर्मोपदेशक, नोटरी, अशा आठ जणांना बोलावून भिंगातून दाखवले आणि त्यांच्या सहीच्या साक्षी पाठवल्या. बाजरीसारख्या बारीक दाण्याएवढ्या पाण्यात कोणी दहा हजार जीव मोजले, कोणी पंचेचाळीस हजार. शेवटी हूकने स्वतः मिऱ्यांचे पाणी करून दोनदा हात टेकले आणि १५ नोव्हेंबर १६७७ रोजी सभेत सभासदांना ते जीव दाखवले. १६८० मध्ये डेल्फ्टचा कापडवाला रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला. तो सभेला कधी गेला नाही.

त्यानंतरचे सगळे सांगत बसलो तर हा अंक पुरणार नाही. १६७७ मध्ये योहान हाम या विद्यार्थ्याने आणून दाखवल्यावर त्याने शुक्रजंतूंचे निरीक्षण केले आणि आधी हामने पाहिले हे पत्रात नोंदवले. १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर तपासला. मग जन्मात दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याला गाठून त्याचाही तपासला, आणि तिथे जत्रा भरलेली! १६८८ मध्ये बेडकाच्या पिलाच्या शेपटीत रक्त केशवाहिन्यांतून जाताना पाहिले. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर कालव्यातून होडीने डेल्फ्टला आला, तेव्हा त्याला ईल माशाच्या शेपटीतले रुधिराभिसरण दाखवले. १७०२ मध्ये छपराच्या पन्हाळीतली वाळलेली माती कित्येक महिन्यांनी भिजवली, तर तीतले रोटिफर पुन्हा चालू लागले.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याने कालव्यातली तरंगती हिरवी टिकलीपाने घरी आणली. काचेच्या नळीत पाणी घालून त्यांची मुळे तपासली. मुळांना देठावरच्या घंटांसारखे जीव लटकत होते. धक्का लागताच देठ स्प्रिंगसारखा आखडायचा. ती व्हॉर्टिसेला. आणखी एक लांब हातांचा जीव होता, ज्याच्या अंगाच्या बाजूलाच पिल्लू फुटून वाढत होते. तो हायड्रा. माझ्या बरणीतली पाने तीच, आणि त्यांच्या मुळांशी मला हे दोघेही भेटले. पत्र वाचून शोधले म्हणून भेटले, हे कबूल केले पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती. १७१५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्झ याने लेव्हेनहूकला सुचवले की, भिंगे करण्याची आणि पाहण्याची ही विद्या तरुणांना शिकवावी, शाळा काढावी. लेव्हेनहूक तेव्हा ८२ वर्षांचा होता. त्याने नकार कळवला. त्याचे म्हणणे असे की, लाइडनला विद्यार्थी येतात ते पैशासाठी किंवा नाव व्हावे म्हणून. या कामाला फार वेळ आणि खर्च लागतो, मन सतत त्यात ठेवावे लागते. हजारात एकही त्या लायकीचा निघणार नाही. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. कारण हे वाक्य, आकड्यासकट, मी आमच्या स्टाफरूममध्ये चहा पिताना कितीदा बोललो आहे! आजकालच्या मुलांना बघायची हौस नाही, हजारात एक सापडणार नाही. इतरांनी माना डोलावल्या आहेत.

या नकाराचे जे झाले ते असे. लेव्हेनहूकमागे शिष्य राहिला नाही. त्याने पाहिलेले जीवाणू पुढे शंभराहून अधिक वर्षे नीट कोणी अभ्यासले नाहीत. त्याच्या तोडीचे भिंग हाती नव्हते, आणि ते वापरायची सवय असलेली माणसेही नव्हती. हायड्राही विसरला गेला. १७४० मध्ये डेल्फ्टपासून दोन-अडीच कोसांवरच्या हेग शहरी अब्राहम ट्रेंब्ले नावाच्या तरुण शिक्षकाला तो पुन्हा नव्याने सापडला. ट्रेंब्ले एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवायला होता. त्याने डबक्यातली पाने आणून काचेच्या बरण्यांत घातली, बरण्या खिडकीत ठेवल्या, आणि मुलांना घेऊन पाहू लागला. २५ नोव्हेंबर १७४० रोजी त्याने एक हायड्रा मधोमध कापला आणि काही दिवसांत दोन्ही तुकड्यांचे दोन हायड्रे झाले. युरोपभर खळबळ उडाली. ट्रेंब्लेने काय केले, तर मागेल त्याला बरण्यांतून जिवंत हायड्रे पाठवले, कसे जपायचे ते लिहून दिले. पॅरिसला पाठवलेली पहिली खेप वाटेत मेली, तेव्हा दुसरी पाठवली. भिंगांची कला लेव्हेनहूकची मोठी होती यात शंका नाही. पण मी शिक्षक आहे, आणि मला ट्रेंब्लेचा हेवा वाटतो.

लेव्हेनहूकवर एकतर्फी निकाल मला द्यायचा नाही. गुपित त्याने भिंगाचे राखले, पाहिलेल्याचे नाही. रॉयल सोसायटीलाच त्याची सुमारे १९० पत्रे गेली. काय पाहिले, कोणत्या दिवशी, पाणी कुठले, हे सगळे त्यांत आहे. जे नुसते वाटते ते तो वाटते म्हणून लिहितो. अखेरच्या आजारात पोटावरचा पडदा झटके देऊ लागला, तर त्याचेही वर्णन त्याने लंडनला कळवले. वैद्यकात त्या विकाराला आज त्याचे नाव आहे. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदाव्या वर्षी, तो वारला. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्याला पुरले आहे. मारियाने लग्न केले नाही, शेवटपर्यंत बापाजवळ राहिली. त्याच्या इच्छेप्रमाणे २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक तिने एका पेटीत घालून सोसायटीला पाठवले. ती पेटी एकोणिसाव्या शतकात हरवली ती हरवलीच. बाकीचे सूक्ष्मदर्शक मारियाच्या मृत्यूनंतर १७४७ मध्ये लिलावात गेले. मात्र १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड या संशोधकाला सोसायटीच्या दप्तरात त्याच्या पत्रांना चिकटवलेल्या कागदी पुड्या सापडल्या. आत त्याने स्वतःच्या हाताने कापलेले बूच आणि झाडांच्या गाभ्याचे पातळ काप होते, तीनशे वर्षांचे, जसेच्या तसे.

मागच्या वर्षी जुलैमध्ये मी त्या वडगावच्या विद्यार्थ्याला शोधून बोलावले. तो तिसऱ्या वर्षाला गेला होता आणि बरणीचे विसरलाही होता; निदान तसे म्हणाला. आम्ही दोघांनी स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी तापवून ओढली, तिचा केसासारखा तंतू केला आणि त्याचे टोक ज्योतीत धरून मणी केला. पहिले दहा-बारा मणी वाकडे झाले, काहींत हवेचे बुडबुडे राहिले. माझे बोट भाजले. चांगला जमला तो त्याच्या हातचा, साधारण दोन मिलिमीटर व्यासाचा. असा मणी सुमारे १६० पट मोठे दाखवतो. डब्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्यांना भोक पाडून तो मध्ये बसवला. मग त्याने बरणीतले एक टिकलीपान काढले, मुळाशी लोंबणारा थेंब काचपट्टीवर घेतला, पट्टी भिंगासमोर धरली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मीही विचारले नाही.

त्यानंतर त्याने पाच आठवडे रोज वही ठेवली. कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येते, पण वाचताना जोडाक्षरांना अडखळतो. तेव्हा आमच्या कन्नड विभागातल्या सहकाऱ्यांनी ती मला एका दुपारी वाचून दाखवली. तारीख, पाण्याचा रंग, काय दिसले, काय दिसले नाही. एका हायड्राच्या अंगावर सोमवारी फुगवटा दिसतो, मंगळवारी त्याला हात फुटतात, गुरुवारी पिल्लू सुटून काचेला चिकटते. त्या वहीतली दहा दिवसांची पाने याच अंकाच्या कन्नड विभागात त्याने दिली आहेत. बरणी आता प्रयोगशाळेत, दाराजवळच्या टेबलावर आहे. सूक्ष्मदर्शकांच्या कपाटाची किल्ली त्याच टेबलाच्या खणात असते.